एज ऑफ एम्पायर्स २ चं ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’: घ्यावं असं डीएलसी, पण नीट बघून

‘एज ऑफ एम्पायर्स २: डेफिनिटिव्ह एडिशन’ या मध्ययुगीन साम्राज्यं उभारून लढायच्या कॉम्प्युटर गेमला आजवर आलेल्या डीएलसींपैकी (मूळ गेमला जोडायच्या जादा भागांपैकी) एकच घ्यायचं असेल तर ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’ घ्या. निकाल आधीच सांगून टाकला, कारण पुढचा बराचसा मजकूर ते कोणी घेऊ नये आणि घेताना पैसे कुठे अडकतात याबद्दल आहे.

मूळ गेम नोव्हेंबर २०१९ चा. हे डीएलसी २८ एप्रिल २०२२ रोजी आलं. अमेरिकेतली किंमत ९.९९ डॉलर, भारतात स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत वेगळी किंमत दिसते आणि सेलमध्ये ती बरीच उतरते. या पैशांत बंगालीज, द्रविडियन्स आणि गुर्जराज अशा तीन सिव्ह (खेळायला निवडायची राज्यं) मिळतात. सोबत तीन कॅम्पेन, म्हणजे एकट्यानं खेळायच्या कथामालिका, आहेत: बाबर, राजेंद्र चोळ आणि पाल घराण्यातला देवपाल. प्रत्येकात पाच मिशन, म्हणजे एकूण पंधरा.

नगांचा हिशेब इथेच संपतो, आणि डीएलसीच्या बाबतीत हाच हिशेब सगळ्यात जास्त फसवतो. २००६ साली ‘ओब्लिव्हियन’ या गेमसाठी घोड्याचं चिलखत २०० मायक्रोसॉफ्ट पॉइंट्सना, म्हणजे अडीच डॉलरना विकायला आलं, तेव्हापासून लोक ‘इतक्या पैशात किती वस्तू’ असंच मोजत आले आहेत. एज २ मध्ये या पॅकनंतर सिव्हची संख्या ४२ झाली. एवढ्या गर्दीत तीन सिव्ह वाढल्या, याला आकडा म्हणून काही किंमत नाही. विचारायचा प्रश्न एवढाच, की पॅक घेतल्यावर तुमचा डाव वेगळा पडतो का? इथे पडतो. त्याचं मुख्य कारण, या सिव्हच्या स्टेबलमध्ये (घोडदळाच्या तबेल्यात) नाइट, म्हणजे जड चिलखती घोडेस्वार, नाहीत.

एज २ खेळणाऱ्याला याचं वजन लगेच कळेल. कॅसल एजमध्ये (डावात फ्युडल, कॅसल, इम्पीरियल असे टप्पे येतात) पोहोचलं की नाइट काढायचे आणि समोरच्याच्या व्हिलेजरवर, म्हणजे कामकऱ्यांवर, सोडायचे, हा सगळ्यांच्या हातात बसलेला डाव आहे. तो इथे चालत नाही. उंट, हत्ती, पायदळ आणि काही विचित्र वाटणारी युनिट यांतून वाट काढावी लागते. आधीच्या ‘लॉर्ड्स ऑफ द वेस्ट’मधल्या बर्गंडियन्स आणि सिसिलियन्स चांगल्या सिव्ह आहेत, पण त्या हातात घेतल्यावर जुन्याच सवयींवर खेळता येतं. इथे सवयी मोडाव्या लागतात. ज्याला ते नको असेल त्याच्यासाठी हा पॅक नाही, आणि त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही.

आधी फुकटचं खेळून बघा

२०१३ च्या ‘द फॉरगॉटन’पासून २०२२ पर्यंत या गेममध्ये अख्खा भारत ‘इंडियन्स’ या एकाच सिव्हमध्ये कोंबलेला होता. दिल्लीचे सुलतान आणि तंजावरचे चोळ एकाच खात्यात. हे डीएलसी आलं त्याच दिवशी सगळ्यांना मिळालेल्या अपडेटमध्ये ही सिव्ह मोडून तिची ‘हिंदुस्तानीज’ झाली. ही सिव्ह मूळ गेममध्येच आहे; तिच्यासाठी वेगळा पैसा लागत नाही. हे माहीत नसल्यामुळे बरेच जण मुघल आणि दिल्लीची सल्तनत खेळायला मिळावी म्हणून पॅक विकत घेतात आणि नंतर कळतं की ते तर घरात होतंच.

उलट तीच तुमची फुकटची चाचणी आहे. हिंदुस्तानीज घेऊन कॉम्प्युटरविरुद्ध चार-पाच डाव टाका. त्यांच्याकडेही नाइट नाहीत. इमारती फोडणाऱ्या बॅटरिंग रॅमऐवजी आर्मर्ड एलिफंट (चिलखती हत्ती) आहे. भर उंटांवर आणि बंदुकवाल्यांवर आहे, आणि व्हिलेजर एजप्रमाणे स्वस्त होत जातात. कॅसलमधून निघणारा ‘घुलाम’ हा भालेकरी तिरंदाजांच्या घोळक्यात घुसवला की त्याचा वार समोरच्याला भेदून मागच्यालाही लागतो. ही धाटणी जमली आणि आवडली तर डीएलसीतल्या तिन्ही सिव्ह आवडतील. ‘नाइट कुठायत’ अशीच चिडचिड होत राहिली तर पैसे वाचले.

जुने ‘इंडियन्स’ खेळणाऱ्यांना मात्र एक धक्का बसतो. त्यांचा कॅसलमधला हत्तीवरचा तिरंदाज गेला, मासेमारीचा फायदा द्रविडियन्सकडे गेला. म्हणजे डीएलसी न घेताही तुमची ओळखीची सिव्ह बदलली. सतत अपडेट होत राहणाऱ्या लाइव्ह गेममध्ये ही गोष्ट गृहीत धरूनच चालावं लागतं.

गुर्जराज: पॅकचा खरा जीव

तिन्हींत सर्वात जास्त विचार गुर्जराजवर झालेला दिसतो. सुरुवातीलाच जवळ दोन जादा बेरीची झुडपं मिळतात आणि मेंढ्या मिलमध्ये (फूड जमा करायच्या इमारतीत) कोंडता येतात. कोंडलेली मेंढी मरत नाही. ती आत असेपर्यंत संथ गतीनं फूड येत राहतं, आणि त्यासाठी एकही व्हिलेजर लागत नाही.

ऐकायला सोपं वाटतं, पण नवखे खेळाडू पहिल्या दोन मिनिटांतच इथे घसरतात. सुरुवातीच्या २०० फूडमध्ये ५० चा एक या हिशेबानं चार व्हिलेजर निघतात. नेहमीच्या सवयीनं मेंढी टाउन सेंटर या मुख्य इमारतीखाली कापली की पुढच्या व्हिलेजरचं फूड वेळेवर येतं. सगळ्या मेंढ्या मिलमध्ये घातल्या आणि बेरीवर माणसं बसवायला उशीर केला तर पाचव्या व्हिलेजरला टाउन सेंटर रिकामं बसतं, आणि मेंढ्यांनी पुढे जे कमवायचं ते आधीच गमावलेलं असतं. म्हणून मिल अगदी पहिल्यांदा आणि झुडपांना चिकटून बांधा, पहिले व्हिलेजर थेट बेरीवर लावा, आणि मेंढ्या जसजशा सापडतील तसतशा आत सोडा. फूड अडकतंय असं दिसलं तर हट्ट न करता एक मेंढी कापा. रानडुकरं नेहमीसारखीच टाउन सेंटरखाली ओढून आणायची.

या फायद्याला वेळ लागतो. मेंढी जितकी जास्त वेळ आत, तितकी कमाई मोठी. त्यामुळे फ्युडल एजमध्येच समोरच्याला गाडायचा बेत असेल तर मिलचा उपयोग मर्यादित राहतो. डाव लांबणार असेल तर स्काउटला (टेहळणीच्या घोडेस्वाराला) मेंढ्या शोधायला जरा जास्त वेळ फिरवणं परवडतं. समोरच्याच्या चुकार मेंढ्या पळवल्या तर तुमचा फायदा आणि त्याचं नुकसान दोन्ही होतं. मात्र मिल कडेला, उघड्यावर असेल तर ती पडल्यावर आतली जनावरं बाहेर येतात आणि शत्रूच्या हाती लागतात. लांबच्या बेरीवरच्या मिलमध्ये मेंढ्या साठवू नका.

लढाईत गुर्जराजच्या स्वारांना ‘बोनस डॅमेज’ जास्त मिळतो. याचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा, कारण इथे गैरसमज फार आहे. त्यांचा प्रत्येक वार जोरात बसतो असं नाही. उंटाचा घोडेस्वारावर जो खास जादा मार असतो, हलक्या घोडदळाचा माँकवर (शत्रूचे सैनिक आपल्या बाजूला वळवणाऱ्या साधूवर) जो असतो, तेवढाच वाढतो. योग्य शत्रूसमोर योग्य युनिट आणलं तर फरक प्रचंड. उंट घेऊन पाइकमनच्या, म्हणजे भालेवाल्यांच्या, भिंतीवर गेलात तर शून्य.

श्रीवंश रायडर हे यातलं सगळ्यात मजेदार युनिट. अंगावर येणारे बाण तो चुकवतो, पण ठरावीक प्रमाणातच. युनिटखाली दिसणारी पट्टी संपली की बाण लागायला सुरुवात होते, आणि थोडा वेळ बाजूला थांबलं की पट्टी पुन्हा भरते. त्यामुळे त्याला एकदा क्लिक करून सोडून देणं म्हणजे फूड वाया घालवणं. लाकूडतोड्यांवर घाला घाला, पट्टी रिकामी होत आली की बाणांच्या पल्ल्याबाहेर या, भरली की दुसऱ्या बाजूनं शिरा. टाउन सेंटरच्या बाणांना न जुमानता व्हिलेजर मारता येतात, हे त्याचं खरं काम. भालेवाल्यांसमोर तो नेहमीच्या घोड्यासारखाच पडतो.

गुर्जराजच्याच चक्रम थ्रोअरबद्दल (चक्र फेकणाऱ्या सैनिकाबद्दल) एवढंच लक्षात ठेवा, की तो लांबून मारतो पण त्याचा मार जवळच्या हत्याराचा धरला जातो. ज्यांचं चिलखत बाणांसाठी बनलेलं आहे, उदाहरणार्थ स्कर्मिशर (तिरंदाजांविरुद्धचा भालाफेक्या), त्यांना त्याच्यासमोर ते उपयोगी पडत नाही.

बंगालीज आणि द्रविडियन्स

बंगालीजचा मुख्य फायदा असा: नवी एज आली की प्रत्येक टाउन सेंटरमधून दोन व्हिलेजर आपोआप निघतात. फ्युडलला एक टाउन सेंटर असतं, म्हणजे दोन. कॅसलला पुन्हा दोन. इम्पीरियलला पोहोचताना तीन टाउन सेंटर उभी असतील तर सहा. एज लागते त्या क्षणी टाउन सेंटर पूर्ण झालेलं असायला हवं. अर्धवट पायाभरणी कामाची नाही. म्हणून इम्पीरियलचं बटण दाबण्याआधी तिसरं टाउन सेंटर पूर्ण होईल ना, हे बघा.

त्यांचे हत्ती भाल्यांच्या जादा माराला इतरांपेक्षा जास्त टिकतात, आणि ‘पाइक्स’ हे तंत्र घेतल्यावर झपाट्यानं वार करतात. तरी ही सिव्ह जड आहे. हत्ती महाग, संथ, आणि तोवर समोरचा तुमच्या शेतात फिरून गेलेला असतो. ‘रथ’ हे युनिट एका बटणावर धनुष्य सोडून जवळचं हत्यार धरतं. दिसायला देखणं, पण दोन्ही अवतार धारदार ठेवायचे तर ब्लॅकस्मिथमध्ये (हत्यारं सुधारायच्या इमारतीत) बाणांच्या आणि जवळच्या हत्यारांच्या अशा दोन्ही ओळी घ्याव्या लागतात. मध्यम पातळीवरच्या खेळाडूला हा दुहेरी खर्च झेपत नाही. एक अवतार निवडा आणि त्यालाच पोसा.

द्रविडियन्सना प्रत्येक एजला २०० लाकूड फुकट मिळतं आणि बॅरॅक्समधली (पायदळाची) तंत्रं निम्म्या किमतीत. स्कर्मिशर भरभर फेकतात. पाण्याच्या नकाशांवर ही सिव्ह घट्ट पाय रोवते. उघड्या मैदानावर मात्र स्टेबल दुबळं पडतं: नाइट नाहीत, हुसार (हलक्या घोडदळाची वरची पायरी) नाही, घोड्यांचा वेग वाढवणारं हस्बंडरी हे तंत्र नाही. शत्रूचे घोडे तुमच्या शेतात आले तर त्यांच्यामागे धावणारं तुमच्याकडे काही नसतं. भालेवाले व्हिलेजरपाशीच उभे ठेवावे लागतात आणि भिंती वेळेत बांधाव्या लागतात. ‘वूट्झ स्टील’ हे इम्पीरियलचं तंत्र शत्रूचं चिलखत निकामी करतं आणि उरुमीवाले (लवचिक पात्याची तलवार चालवणारे सैनिक) तेव्हा भयंकर होतात, पण तिथवर तग धरणं हीच खरी परीक्षा. उरुमीवाल्याला तिरंदाजांवर उघड्यावरून पळवू नका; बाणांपुढे तो टिकत नाही.

चारही भारतीय सिव्हचा आर्मर्ड एलिफंट ही सर्वात जास्त डोकं खाणारी गोष्ट. रॅम लाकडावर येतो. हा हत्ती फूड खातो, म्हणजे व्हिलेजर आणि पुढची एज यांच्याशी त्याची स्पर्धा. रॅमवर भालेवाल्यांचा खास जादा मार चालत नाही, हत्तीला तेच भालेवाले लोळवतात. माँक तर त्याला वळवून तुमच्याच कॅसलवर पाठवतो. रॅमसारखं त्याच्या पोटात सैनिकही बसवता येत नाहीत. तेव्हा त्याच्यापुढे नेहमी पायदळ किंवा स्कर्मिशर चालवा, आणि समोर माँक दिसले की आधी त्यांना हलक्या घोड्यांनी उचला.

कॅम्पेन चांगली आहेत. बाबराचं सर्वात रंगलेलं. समरकंदच्या ओढाताणीपासून पानिपतापर्यंतचा प्रवास आहे आणि सारखं कमी सैन्यात भागवावं लागतं. राजेंद्राचं पाण्यावरच्या लढाईची आवड असलेल्यांसाठी. देवपालाचं त्यामानानं सपाट वाटतं. गेमचे मेनू आणि मजकूर हिंदीत करता येतात, मराठीत नाहीत. दख्खन शोधायला येणाऱ्यानं मात्र अपेक्षा आवरावी: देवगिरीचे यादव किंवा बहमनी यांना स्वतंत्र जागा नाही, आणि गेमचा काळ १६०० च्या आसपास संपत असल्यानं मराठेशाहीचा प्रश्नच येत नाही. पाठपुरावा करण्यासारखी ही उणीव आहे, कारण उत्तर, पूर्व, पश्चिम आणि तमिळ प्रदेशाला न्याय मिळाल्यावर मधली पोकळी जास्तच डोळ्यांत भरते.

पैसे कुठे अडकतात

स्टीमवर घेतलेलं डीएलसी फक्त स्टीमवरच्या गेमला लागतं. मायक्रोसॉफ्ट स्टोअरवरचं तिथल्यालाच. दोन्ही ठिकाणचे खेळाडू एकमेकांशी खेळू शकतात, त्यामुळे खरेदीही एकच असेल असं वाटतं. तसं नाही. ज्या दुकानाचा गेम, त्याच दुकानाचं डीएलसी.

गेम पास ही मायक्रोसॉफ्टची वर्गणी घेणाऱ्यांनी दोनदा विचार करावा. मूळ गेम वर्गणीत मिळतो, डीएलसी मिळत नाही, ते वेगळं विकत घ्यावं लागतं. मग वर्गणी थांबली की मूळ गेमच उघडत नाही आणि पैसे मोजलेलं डीएलसी पडून राहतं. वर्षभर पास चालू ठेवायची खात्री नसेल तर आधी सेलमध्ये स्टीमवर मूळ गेम घ्या, मग डीएलसी.

परतीचा नियम बारकाईनं वाचण्यासारखा आहे. स्टीमवर डीएलसी १४ दिवसांच्या आत परत करता येतं, पण ते घेतल्यापासून मूळ गेम दोन तासांपेक्षा कमी चाललेला असावा लागतो. तुम्ही डीएलसीतलं काही उघडलं की नाही, हे त्यात मोजत नाहीत. लॉबीत मित्रांची वाट बघत गेम उघडा ठेवलात, जुन्याच सिव्हनं दोन रँक्ड (क्रमवारीचे) डाव टाकलेत, तरी घड्याळ चालूच असतं. म्हणून घेतल्याबरोबर पहिल्या बैठकीत गुर्जराजचा एक पूर्ण डाव आणि एखाद्या कॅम्पेनचं पहिलं मिशन, एवढंच बघा आणि ठरवा.

आल्या आल्या घेण्याची घाई रँक्ड खेळणाऱ्यांनी विशेषकरून टाळावी. हे डीएलसी आलं तेव्हा गुर्जराज आणि हिंदुस्तानीज या दोन्ही सिव्ह जरुरीपेक्षा भारी होत्या, पुढच्या पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) त्यांना खाली आणावं लागलं. हे जवळजवळ प्रत्येक नव्या सिव्हच्या बाबतीत घडतं, कारण हजारो लोक खेळल्याशिवाय तोल कळत नाही. ज्यांनी पहिल्याच आठवड्यात डाव पाठ केला त्यांना तो पुन्हा शिकावा लागला. डीएलसी न घेतलेल्यांनाही या सिव्ह समोर येतातच. त्यांच्याविरुद्ध खेळायला खरेदीची गरज नाही, फक्त स्वतः निवडता येत नाहीत.

मोठ्या अपडेटनंतर जुन्या डावांची रेकॉर्डिंग नव्या आवृत्तीत चालत नाहीत. जपून ठेवायचा डाव असेल तर अपडेटआधी त्याचा व्हिडिओ करून ठेवा. मॉडही (खेळाडूंनी बनवलेले जादा बदल) अडखळतात; गेम मध्येच बंद पडायला लागला तर आधी सगळे मॉड बंद करून बघा, डीएलसीला दोष नंतर द्या.

बाकीच्या डीएलसींबद्दल थोडक्यात. ‘लॉर्ड्स ऑफ द वेस्ट’ आणि ‘डॉन ऑफ द ड्यूक्स’ (दोन्ही २०२१) यांत प्रत्येकी दोन सिव्ह, कॅम्पेन भक्कम. एकट्यानं खेळणाऱ्यांनी सेलमध्ये घ्यावीत. २०२३ चं ‘रिटर्न ऑफ रोम’ म्हणजे पहिला एज ऑफ एम्पायर्स या इंजिनात आणलेला. त्या गेमची ओढ नसेल तर सोडा. २०२४ च्या ‘व्हिक्टर्स अँड व्हॅनक्विश्ड’मधली बरीचशी मिशन आधी खेळाडूंसाठी मोफत उपलब्ध असलेल्या मिशनांवरून घेतलेली आहेत, पॉलिश झालंय, पण पूर्ण किमतीला नको. २०२५ च्या ‘थ्री किंगडम्स’मध्ये पाच सिव्ह मिळतात, पण खितान आणि जुर्चेन यांना स्वतःचं कॅम्पेन नाही, त्यामुळे कॅम्पेनसाठी घेणाऱ्यानं पान नीट वाचावं.

खरेदी झाल्यावर नव्या सिव्ह यादीत दिसल्या नाहीत तर स्टीमच्या लायब्ररीत गेमवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा आणि डीएलसीच्या भागात ‘डायनॅस्टीज ऑफ इंडिया’समोर टिक आहे का ते बघा. तरीही नसेल तर इन्स्टॉल्ड फाइल्समध्ये जाऊन फाइलींची पडताळणी चालवा आणि गेम पुन्हा सुरू करा. त्याच डीएलसीच्या यादीत ‘एन्हान्स्ड ग्राफिक्स पॅक’ नावाचं एक मोफत डीएलसी असतं. ते ४के चित्रांसाठी आहे आणि बरीच जागा खातं. साध्या लॅपटॉपवर किंवा मोजक्या डेटावर खेळत असाल तर त्याची टिक काढून टाका.